तोंड फियाटचं, पोट जिप्सीचं : भुसावळातल्या एका इंजिनबदलाचं प्रकरण

हे काम माझ्याकडे आलं तेव्हा ते फक्त एका प्लेटचं होतं. डिसेंबर २०२२ ची गोष्ट. भुसावळला माझं लहानसं लेथचं शॉप आहे, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून काढलेलं. सावद्याकडचा एक पस्तिशीचा मुलगा, पुण्यात नोकरीला असलेला, पुठ्ठ्यावर दोन वर्तुळं आणि आठ-दहा भोकं आखून घेऊन आला. म्हणाला, "काका, या बाजूला मारुती जिप्सीचं इंजिन, त्या बाजूला फियाटचा गिअरबॉक्स. मधे बसेल अशी प्लेट करून द्या."

मी विचारलं, गाडी कुठे आहे? खळ्यात. चालते का? बारा वर्षांपासून नाही. मग प्लेट आजच कशाला पाहिजे? यावर तो गप्प बसला. मी पुठ्ठा ठेवून घेतला आणि रविवारी गाडी बघायला गेलो. ती प्लेट आजतागायत कापली गेलेली नाही. का नाही, ते पुढे येईलच.

गाडी त्याच्या वडिलांची, अण्णांची. अण्णा वारले. मागे आई, हा मुलगा आणि अण्णांचे धाकटे भाऊ नाना. सगळे नानाच म्हणतात, मीही तेच म्हणतो. केळीचा धंदा, वय सत्तरीच्या पुढे, बोलणं मोजकं. पुतण्याला त्यांनी माझ्यासमोर एकच वाक्य ऐकवलं, "तोंड फियाटचं अन् पोट मारुतीचं, असं नको करू रे भो." पुतण्या हसला. मीही हसलो. पुढचे सोळा महिने ते वाक्य आमच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

गाडी

आरसी बुकावर पहिली नोंदणी मार्च १९७४ ची. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनी १९६४ पासून ही गाडी 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून काढत होती. १९७४ पासून तिचं नाव 'पद्मिनी' झालं. मधल्या थोड्या काळात ती 'प्रेसिडेंट' म्हणून विकली गेली, आणि ही त्यातलीच. गावाच्या लेखी मात्र तिन्ही नावांची गाडी शेवटपर्यंत फियाटच. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवर, हँडलला, म्हणजे स्टिअरिंगलाच, चार गिअर, पुढे अखंड बाकडं, चारही चाकांना ड्रम ब्रेक, ओढ मागच्या चाकांना.

बाहेरून गाडी बरी दिसत होती. टिंकर मिस्त्री खाली सरपटत गेला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत पुढून मागे आला आणि बाहेर येऊन हात झटकले. तो मूळचा अमळनेरकडचा, कामाच्या वेळी अहिराणीशिवाय बोलत नाही. पुतण्या त्याला इंजिनाबद्दल सांगू लागला तर म्हणाला, "भाऊ, इंजिन सकाय बी भेटी जाई, पत्रा कोठेन लयशी?" म्हणजे इंजिन उद्याही मिळेल, पत्रा कुठून आणशील?

डावीकडचा फ्लोअर उजवीकडच्यापेक्षा दुपटीने खाल्लेला होता. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, मग असं का, हे मला कळेना. नानांना विचारलं तर ते सहज म्हणाले, त्या अंगाला पोटॅशच्या गोण्या असायच्या. केळीला पोटॅश भरपूर लागतं, आणि शेतात वापरतात तो पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, एका जातीचं मीठच. हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लोखंड खातं. बारा वर्षं गाडीच्या एका बाजूला मिठाची भिंत उभी होती. त्यात काळी माती. दाराखालच्या पोकळ पट्ट्यांमधून आम्ही घमेलंभर माती काढली, आणि ती डिसेंबरातही आतून ओलसर होती.

या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. दाराखालच्या पट्ट्या, फ्लोअर आणि मधला गिअरबॉक्सचा उंचवटा मिळून गाडीचा कणा होतो. पट्ट्या सडल्या की गाडी मधून वाकते, दारं लागत नाहीत आणि लोक बिजागऱ्यांना दोष देत बसतात. म्हणून पट्टी कापण्याआधी मिस्त्रीने दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल टाके मारून बसवले, दारं लावून फटी मोजल्या, आणि एका वेळी एकच बाजू उघडली. हे काम पाच महिने चाललं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण ते चांगलं झालं. चांगल्या झालेल्या कामात सांगण्यासारखं थोडंच असतं. फक्त एक नोंद: जुन्या रंगाखाली चार ठिकाणी बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली. म्हणजे आधीही कोणी तरी ही गाडी 'रिस्टोअर' केली होती.

पुतण्याला नेमकं काय हवं होतं

टिंकरकाम चालू असताना एका संध्याकाळी मी पुतण्याला कागद-पेन दिलं. म्हटलं, "इंजिन बदलायचंय" हे लिहू नकोस, जुन्या इंजिनाचा त्रास काय तेवढं लिही. त्याने पाच गोष्टी लिहिल्या. सकाळी लवकर सुरू होत नाही. मे महिन्यात रस्त्यात बंद पडते. हायवेला ट्रकच्या बरोबरीने पळत नाही. ब्रेकचा भरवसा नाही. आणि आईसाठी एसी लावता येत नाही.

खरी दुखणी या कागदावर होती. इंजिनबदल हा त्यांच्यावरचा एक उपाय होता, आणि तो सगळ्यात मोठा.

मे महिन्यातलं बंद पडणं घ्या. खानदेशातल्या ज्या घरात फियाट होती त्या घरात हा किस्सा आहेच. पारा पंचेचाळीसच्या वर, गाडी तासभर चालून पाच मिनिटं थांबली की पुन्हा सुरू होत नाही. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा राहतो. अण्णा डिकीत एक फडकं आणि पाण्याची कळशी ठेवायचे. ओलं फडकं पंपावर टाकायचं, बिडी ओढून होईपर्यंत थांबायचं, मग सेल्फ मारायचा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल येतं, आणि तसं पेट्रोल आणखी लवकर वाफाळतं. वर जुन्या रबराचे डायफ्राम आणि नळ्याही त्यात फुगतात.

जिप्सीचं इंजिन बसवलं तर हा रोग मुळासकट जातो हे खरं. त्यात पंप टाकीकडून दाबाने पेट्रोल ढकलतो, आणि दाबाखालच्या पेट्रोलची वाफ सहजी होत नाही. पण फियाटच्या इंजिनलाही टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावता येतो, नळी एक्झॉस्टपासून दूर फिरवता येते, मधे पत्र्याची आड लावता येते. हा सगळा खर्च एका चांगल्या टायरइतका.

असंच सकाळच्या सुरू होण्याचं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा ठोकळा बसतो, बाहेरून कोणाला दिसतही नाही. डायनामोच्या जागी आल्टरनेटर येतो. ब्रेकचं दुखणं चाळीस हॉर्सपॉवरला नवे व्हील सिलिंडर, नवे शू, तासलेले ड्रम आणि नव्या नळ्या एवढ्यावर निभतं. उलट ऐंशी हॉर्सपॉवरचं इंजिन टाकलं तर तेच ब्रेक अपुरे पडतात, मग पुढे डिस्क, मग स्टब ॲक्सल, मग रिमसुद्धा. इंजिन बदलायला निघालेला माणूस बहुतेक वेळा इथेच अडकतो. हिशेब इंजिनाचा केलेला असतो आणि बिल ब्रेकचं येतं.

राहिले हायवे आणि एसी. या दोन मागण्या मात्र खऱ्याच इंजिनाच्या होत्या. त्यांना फडकं टाकून भागणार नव्हतं.

जिप्सी का, आणि प्लेट का नाही

इंजिनाची निवड पुतण्याने विचार करून केली होती, हे मान्य करायला हवं. मारुतीच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन बोनेटखाली आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतं. ते फियाटला निरुपयोगी. जिप्सीचं इंजिन लांबीत बसतं. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ऐंशी हॉर्सपॉवर, ब्लॉक ॲल्युमिनियमचा. शिवाय जिप्सीत चारही चाकांना ताकद वाटून देणारा डबा गिअरबॉक्सपासून सुटा असतो. तो बाजूला ठेवला की इंजिन आणि पाच गिअरांचा बॉक्स मिळून मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याला सरळ जोडता येतात.

पण पुतण्याला जिप्सीचा गिअरबॉक्स नको होता. त्याला हँडल गिअर हवा होता. अण्णांच्या मांडीशेजारी बाकड्यावर बसून त्याने लहानपणी गिअर टाकलेले, ते हाताला आठवत होतं. म्हणून ती प्लेट.

बाहेरच्याला वाटतं प्लेट म्हणजे भोकं पाडलेलं लोखंड. भोकं लेसरवाला जळगावच्या एमआयडीसीत अर्ध्या तासात पाडून देईल. अवघड असतं केंद्र. इंजिनाच्या क्रँकचं केंद्र आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं केंद्र एका रेषेत यावं लागतं, आणि चूक एक दशांश मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते. केसाच्या जाडीचीच गोष्ट. त्यासाठी क्रँकवर डायल गेज बांधून बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाच्या, कडेवरून फिरवतात, काटा किती हलतो ते बघतात, आणि जुळलं की डॉवेल पिना ठोकतात. बोल्ट फक्त धरून ठेवतात, जागेवर आणतात त्या पिनाच. हे न करता नुसत्या बोल्टवर बसवलेली प्लेट पहिले दोनशे किलोमीटर छान चालते. मग क्लच थरथरतो, मग शाफ्टच्या टोकाचं बेअरिंग ओरडतं, आणि मालक म्हणतो मारुतीचं इंजिनच खराब लागलं. याशिवाय क्लचची प्लेट दात फियाटचे आणि व्यास जिप्सीचा अशी दोन प्लेटांतून एक बनवावी लागते.

हे सगळं मी केलं असतं. चाळीस वर्षं तेच केलंय. अडचण पुढची होती. चाळीस हॉर्सपॉवरसाठी बनवलेल्या गिअरबॉक्सला ऐंशी द्यायचे, तेही पन्नास वर्षं जुन्या दातांना. आणि ज्या हायवेसाठी इंजिन घ्यायचं, त्या हायवेला चारच गिअर.

आम्ही मागची दोन्ही चाकं उचलली, चाकावर आणि दांड्यावर खडूने खुणा केल्या आणि हाताने फिरवलं. चाकाच्या दहा फेऱ्यांत दांडा त्रेचाळीस वेळा फिरला. टायरचा घेर १.८५ मीटर. चौथ्या गिअरमध्ये दांडा इंजिनाइतकाच फिरतो. म्हणजे फियाटच्या चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांना गाडी ताशी ७७ किलोमीटर पळणार, मग इंजिन कोणाचंही असो. जिप्सीचा पाचवा गिअर सुमारे ०.८ चा, म्हणजे दांड्याच्या एका फेरीला इंजिनाच्या ०.८ फेऱ्या, त्यात तेवढ्याच फेऱ्यांना ९६. पुतण्याने मोबाइलवर दोनदा हिशेब केला. त्याला हवा असलेला हायवे जिप्सीच्या गिअरबॉक्सात होता, आणि त्याला हवा असलेला हँडल गिअर फियाटच्या. दोन्ही एका गाडीत येत नव्हते.

मग जिप्सीचा पूर्ण संच बसवून बघू म्हणून आम्ही तो साखळी पुलीला टांगून रिकाम्या गाडीत उतरवला. हा संच पुतण्याने तोपर्यंत घेऊनही टाकला होता, मला न विचारता, पुण्याकडून. इंजिन चांगलं होतं. वायरिंग मात्र भंगारवाल्याने पकडीने कापलेलं, इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला वीतभर वायरी लोंबत होत्या. पंचवीस-तीस वायरी एकेक शोधून जोडायच्या, म्हणजे वायरमनचा पंधरवडा. कोणी असं इंजिन घेणार असेल तर वायरिंग, कॉम्प्युटर, चावी, सेन्सर आणि पेट्रोल पंप सगळं एकाच गाडीचं आणि न कापलेलं घ्यावं. नाही तर स्वस्त इंजिन म्हणजे नुसतं भंगार वजनाने घेतल्यासारखं.

संच उतरवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. इंजिनाचा तेलाचा संप (तळाची तेलाची टाकी) आणि गाडीचा पुढचा आडवा क्रॉसमेंबर दोघेही एकाच जागेवर हक्क सांगत होते. क्रॉसमेंबरला पुढची सगळी सस्पेन्शन लटकलेली, तो कापायचा प्रश्नच नव्हता. संप कापून नवा बनवणं शक्य होतं. पण गिअरबॉक्स मागे जिथे येत होता तिथे मधला उंचवटा रुंद करावा लागणार होता. म्हणजे मिस्त्रीने पाच महिने खपून सरळ केलेल्या कण्याला मधोमध कात्री. मिस्त्री काही बोलला नाही. विडी पेटवून बाहेर जाऊन बसला.

कागद

एवढं होईपर्यंत जून २०२३ उजाडला होता, आणि कागदाचं आम्ही कोणी बघितलेलं नव्हतं. ही माझी चूक. गाडीच्या कामात पहिला दिवस आरसी बुकाचा असायला हवा, हे मला ठाऊक होतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा साधा अर्थ असा, की कंपनीने जशी गाडी ठरवली आणि नोंदवली, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. सीएनजीसारख्या दुसऱ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला वाट आहे. त्याच कंपनीचं त्याच जातीचं इंजिन बसवून नंबराची नोंद करून घ्यायलाही वाट आहे. पण एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या सीसीचं इंजिन या दोन्हींत बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ ए प्रमाणे, परवानगी नसलेल्या अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. अपघातात समोरच्याचं काही बरंवाईट झालं आणि विमा कंपनीने इंजिन नंबर बघून हात वर केले, तर केळीची बाग विकावी लागेल. हे नानांना एका वाक्यात समजलं. पुतण्याला दोन आठवडे लागले. "सगळेच करतात" हे त्याचं म्हणणं होतं, आणि तेही खोटं नाही. धुळ्यापासून रावेरपर्यंत भलतंच इंजिन टाकलेल्या कितीतरी जीपा मी स्वतः बघितल्या आहेत.

नानांनी मग दुसरंच काढलं. त्यांना कोणी तरी सांगितलं होतं की पन्नास वर्षांच्या गाडीला खास नंबर मिळतो. ते खरं आहे. जुलै २०२१ च्या अधिसूचनेने पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं ओलांडलेल्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. आपली गाडी मार्च २०२४ मध्ये पन्नाशी गाठणार होती. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. नानांच्या मते देवानेच निकाल दिला होता. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. आईला तर गाडी मनुदेवीच्या दर्शनाला जायला हवी होती.

आणि मग तो दिवस. नानांच्या आग्रहाखातर अर्जाची तयारी म्हणून मी इंजिनाचा ब्लॉक डिझेलने धुतला, नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि ठसा आरसी बुकाशेजारी ठेवला. जुळला नाही. पुन्हा घासला. तरी नाही.

मी नानांना दाखवलं. ते बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिले. मग म्हणाले, "अण्णानं सांगतलं होतं मले. इसरलो मी." बऱ्हाणपूरच्या एका लग्नाहून येताना रेडिएटर कोरडा पडून इंजिन जॅम झालं होतं. साल त्यांना आठवेना, पण थोरली मुलगी तेव्हा शाळेत जात नव्हती, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधी तरी. अण्णांनी मुंबईहून एका टॅक्सीचं इंजिन आणून बसवलं होतं. नोंद कोणी केली नाही. ज्या मूळ इंजिनासाठी नाना पुतण्याशी भांडत होते, ते पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच भंगारात गेलेलं होतं, आणि गाडीच्या पोटात मुंबईची काळी-पिवळी बसली होती.

त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे कायमची गेली. पुतण्याने मला ती बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "काका, एक आपल्याकडे लपलीय."

काय केलं

टॅक्सीचं इंजिन त्याच कंपनीचं, त्याच सीसीचं होतं, म्हणून त्याची नोंद करून घेणं शक्य झालं. प्रतिज्ञापत्र, जुन्या बदलाचा खुलासा, निरीक्षकांसमोर ठसे, आणि तीन-चार फेऱ्या. व्हिंटेजचा विचार सोडला आणि साधं नूतनीकरण केलं. पंधरा वर्षांवरच्या कारची ती फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली होती. शिवाय पर्यावरण कर.

इंजिन खोललं. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले, क्रँक ग्राइंड केला, हेडला फेस मारला. पुतण्या सुट्टी काढून आठ दिवस राहिला आणि टॅपेट स्वतः लावायला शिकला. आधी सांगितलेली पंप, इग्निशन, आल्टरनेटर आणि ब्रेकची कामं झाली. रेडिएटरची जाळी जास्त ओळींची बसवून घेतली.

पण इंजिनबदलाचा बेत आम्ही फाडून फेकला नाही. गाडी उघडी असतानाच पेट्रोलच्या नळीशेजारी परतीची दुसरी नळी टाकून तोंडं बुजवली. फ्यूज बॉक्स मोठा घेतला, चार जागा रिकाम्या ठेवल्या. अर्थिंगची जाड पट्टी बॉडीपासून इंजिनपर्यंत नेली. जिप्सीच्या इंजिनाचे माउंट बोल्टने बसणारे बनवून तेल लावून डब्यात ठेवले. यातलं काहीही गाडीच्या मूळ पत्र्याला कात्री न लावता झालं, आणि काहीही काढून टाकता येतं. मधला उंचवटा तसाच आहे.

मे २०२४ मध्ये, दुपारी दोन वाजता, मुद्दामच, आम्ही भुसावळहून जळगावला गेलो. शेवभाजी खाल्ली, गाडी अर्धा तास उन्हात उभी केली आणि सेल्फ मारला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा सुरू झाली. ओलं फडकं डिकीतच राहिलं. नानांनी ते घेऊन आपल्या डोक्यावर टाकलं.

हायवेला गाडी सत्तरने खूश असते. ऐंशीला ओरडते. ट्रक मागून हॉर्न देतात, पुतण्या डाव्या लेनमध्ये येतो आणि त्याचा जबडा आवळलेला दिसतो. एसी नाहीच. आई खिडकी उघडून बसते, मनुदेवीला दोनदा जाऊन आली. ब्रेक चांगले लागतात, पण मालक दमाने चालवतो म्हणून चांगले लागतात, हेही तितकंच खरं.

पुढचं नूतनीकरण २०२९ ला. जिप्सीचं इंजिन माझ्याकडे शॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. रिंगा चिकटू नयेत म्हणून दर महिन्याला प्लगच्या भोकांतून दोन थेंब तेल सोडतो आणि क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवतो. पुठ्ठ्यावरची दोन वर्तुळंही तिथेच खिळ्याला टांगलेली आहेत. इंजिन विकायचं का, हे पुतण्याने अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.